टाचणवहीतला शनिवार

आई,

तुझी टाचणवही माझ्यापाशी आहे. तू गेलीस त्याला बावीस वर्षं झाली. या बावीस वर्षांत मी ती तीनदा कपाटातून काढली आणि तीनदा न वाचता परत ठेवली. या रविवारी मात्र वाचली. आधीच सांगते, मुलीसारखी नाही वाचली. मी आता एका प्राथमिक शाळेत सुपरवायझर आहे. दर सोमवारी सकाळी माझ्या टेबलावर अठ्ठावीस टाचणवह्या येतात. कोणत्या बाई या आठवड्यात काय शिकवणार, कसं शिकवणार, ते त्यात लिहिलेलं असतं. मी तपासते आणि सही करते. या कामाने माणसाचा स्वभाव बिघडतो. कुणी मागच्या वर्षीचंच उतरवून काढलंय, कुणी बसमध्ये बसून लिहिलंय, कुणी आयुष्यात कधी शिकवणार नाही असलं काहीतरी फक्त माझ्या डोळ्यांसाठी लिहिलंय, हे मला दुसऱ्या ओळीत कळतं. नवरा म्हणतो, तू भाजीवालीची कोथिंबीरसुद्धा आरोपीसारखी उलटीपालटी करतेस. करते. पण हा स्वभाव मला शाळेने दिलेला नाही. तो मी घरूनच नेला, सहाव्या वर्षी, तू मला घरी शिकवत होतीस तेव्हा. आणि माझा पहिला संशय तुझ्यावरच होता.

जून महिना आहे. घाटकोपरला हाउसिंग बोर्डाच्या कॉलनीतली आपली दुसऱ्या मजल्यावरची खोली, पुढे सगळ्यांची मिळून लांब गॅलरी. खालून मुलं नवी दप्तरं पाठीवर टाकून चालली आहेत आणि मी कठड्याच्या गजांत तोंड घालून बघते आहे. माझ्याच वयाच्या तीन मुली त्यात आहेत. तू आतून हाक मारतेस, ‘चल, आपली शाळा भरली.’ आपली शाळा म्हणजे स्वयंपाकघर. स्टोव्ह बाजूला सरकवलेला, खाली सतरंजी, भिंतीला टेकवलेला पाट, आणि पाटावर ताणून बांधलेलं ते निळं फ्लॅनेलचं कापड. कागदी मेंढरं, कागदी माणसं, त्यांच्या पाठीला फ्लॅनेलचे तुकडे डकवलेले. कापडावर ठेवली की आपोआप चिकटायची. तू लग्नाआधी नगरला मिशनच्या शाळेत शिकवायचीस. मुंबईला आल्यावर नोकरी सुटली, पण चर्चमधली शब्बाथशाळा, म्हणजे रविवारचा लहान मुलांचा वर्ग, तुझ्याकडेच होता. फ्लॅनेल तिथलंच. आठवडाभर ते माझं असायचं.

शनिवारी दुपारी भांडी झाली की तू पदराने हात पुसून वही घ्यायचीस. पट्टी, आणि एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने निळी अशी ती जाडी पेन्सिल. वार, विषय, उद्देश, साहित्य, शेरा. सहा दिवस, सहा आडव्या रेघा. नगरच्या शाळेत मुख्याध्यापकांना दाखवावं लागायचं म्हणून लागलेली ती सवय. इथे वही तपासायला होतं कोण? तरी एकही शनिवार तू चुकवलेला नाहीस. हरवलेल्या मेंढराचा आठवडा मला अजून पाठ आहे. सोमवारी गोष्ट, शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू शोधायला गेलेल्या मेंढपाळाची. मंगळवारी गणित: शंभर राजमे मोजायचे, एक लपवायचा, उरले किती. बुधवारी त्याच गोष्टीतले दहा शब्द लिहायचे. गुरुवारी लोकर, पप्पांचा स्वेटर ट्रंकेतून काढून मला हुंगायला दिलास. शुक्रवारी सहल. मेंढरं दाखवायला मला दोन बस बदलून आरे कॉलनीत घेऊन गेलीस आणि तिथे निघाल्या सगळ्या म्हशी. तू जराही डगमगली नाहीस. म्हणालीस, ‘समज, या मेंढ्याच आहेत. जरा तब्येतीने बऱ्या.’ आपण दोघी गोठ्याच्या कुंपणाशी उभ्या राहून इतक्या हसलो की गोठ्यातला गवळी आपल्याकडे बघायला लागला.

पण परत येताना हायवेवर आपल्या बसच्या शेजारी एक ट्रक आला. त्यात खरी मेंढरं. दाटीवाटीने उभी, पाठीवर लाल रंगाचे ठिपके. मी विचारलं, कुठे चाललीत? बाजूच्या सीटवरचे गृहस्थ लगेच म्हणाले, ‘देवनारला, आणि कुठे.’ देवनारच्या कत्तलखान्यात काय होतं ते मला माहीत होतं. कॉलनीतल्या पोराटोरांना माहीत होतं. घरी पोचल्यावर जिन्यात मी तुला म्हटलं, ‘ते मेंढरू हरवलं नव्हतंच. ते पळालं होतं. त्याला कळलं होतं.’ तू पायरीवर थांबलीस. मला वाटलं आता ओरडशील. तू म्हणालीस, ‘मेंढपाळ सारखे नसतात गं सगळे.’ मला ते उत्तर पटलं नाही. आजही तितकंसं पटत नाही.

मी शाळेत का जात नाही, याचं एक ठरलेलं उत्तर होतं आणि ते तूच मला शिकवलं होतंस. छातीत पॅच, म्हणजे बाळक्षयाचा डाग, आहे, डॉक्टरांनी वर्षभर विश्रांती सांगितली आहे. त्या काळी घरटी एका मुलाला पॅच असायचा, कुणी आश्चर्य करत नसे. शेजारच्या मालवणी आजींनी मात्र गॅलरीत गाठलंच. ‘काय गो, चेडवाक शाळेत नाय घातलास?’ तू पॅच सांगितलास. ‘अगो बाय माझे! आमच्या नातवाक पण ताच झालाहा. लाल औषध दितंत तेका. मुतता पण लाल!’ झालं. तुझ्या त्या उत्तराचा निकाल तिथेच लागला. कारण मला लाल औषध नव्हतं. मला कसलंच औषध नव्हतं. मी आठवडाभर मोरीत डोळे फाडफाडून पाहिलं; लालचा पत्ता नाही. खोकला नाही, ताप नाही, जिने मी दोन-दोन पायऱ्या गाळून चढायचे. तुला विचारलं, ‘माझं औषध कुठंय?’ तू म्हणालीस, ‘विश्रांती हेच तुझं औषध.’ आणि पुढच्याच सोमवारचा पाठ होता, खरं बोलण्याबद्दलचा. वहीत आहे बघ, तुझ्याच ठळक अक्षरात: उद्देश, मुलाला खरे बोलण्याची गोडी लावणे. तू फ्लॅनेलवर माणसं चिकटवत होतीस आणि मी मध्येच म्हटलं, ‘आणि पॅच?’

हातातला कागदी माणूस तू खाली ठेवलास. मग तू मला भिंतीकडे तोंड करून उभं केलंस. ‘मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसायचं नाही.’ पाच मिनिटांनी आलीस, मला खाली बसवलंस आणि हातावर गुळाचा खडा ठेवलास. गूळ मी खाल्ला. पण शिक्षा करून लगेच गूळ देणाऱ्या माणसाची बाजू लंगडी असते, एवढं मला तेव्हाच कळलं.

तुझी खरी चूक ही की तू मला लवकर वाचायला शिकवलंस. नाताळ जवळ आला होता. तू करंज्यांचं सारण परतत होतीस आणि मला ट्रंकेतून चांदणीचा कागद काढायला पाठवलंस. चांदणीच्या कागदाखाली शाळेचा प्रवेशअर्ज होता. माझं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं भरलेलं. फक्त दोन रकाने मोकळे, धर्म आणि जात. मोकळे म्हणजे कोरे नव्हेत. तिथे पेन्सिलीने लिहून खोडलेलं, पुन्हा लिहून खोडलेलं. कागद उजेडाला धरला तर पलीकडचं दिसेल इतका झिजलेला. मी खिडकीशी नेऊन धरलाच. एक अक्षर तुझं होतं, ख्रिस्ती. दुसरं पप्पांचं, हिंदू.

त्याच आठवड्यात रविवारी चर्चहून आल्यावर तुमचं भांडण ऐकलं. मी गॅलरीत सागरगोटे खेळत होते, म्हणजे खेळायचं थांबवून ऐकत होते.

‘एक शब्द आहे गं तो. कागदावरचा,’ पप्पा म्हणाले. ‘देव काय कागद तपासत बसतो?’

‘देव नसेल तपासत. पोरगी तपासेल.’

‘मग काय लिहू, ख्रिस्ती? आणि उद्या कुणी माझा कागद आणि तिचा कागद शेजारी-शेजारी ठेवला तर? नोकरी गेली तर खायचं काय, तुझं ते फ्लॅनेल?’

‘मी सही करणार नाही.’

‘नको करू. बसू दे तिला घरात.’

पुढे मोठी झाल्यावर सगळी साखळी जुळली. आजोबांच्या वेळी गावातल्या बऱ्याच घरांनी बाप्तिस्मा घेतला, पण शाळेत मास्तरांनी मुलांच्या दाखल्यावर जुनाच धर्म आणि जुनीच जात ठेवली. त्या दाखल्यावर पप्पांना अंधेरीच्या एका सरकारी कचेरीत राखीव जागेवर कारकुनी मिळाली. ख्रिस्ती म्हटलं की ती जागा जाते, असा कायदा. गावाने आजोबांना विहिरीपासून लांब ठेवलं होतं; देव बदलला म्हणून ती माणसं ते काही विसरली नव्हती, पण कायद्याला ते दिसत नव्हतं. पप्पा खोटारडे होते असं मी आज म्हणणार नाही. तेव्हा मात्र मला एवढंच समजलं, की एका शब्दापायी मी घरात बसले आहे, आणि तुम्ही दोघं मला आजारी म्हणताय.

त्यानंतर मी तुझ्या पाठांकडे निराळ्या नजरेने पाहायला लागले. दर आठवड्याचं एक वचन पाठ करून ते मी रात्रीच्या जेवणाआधी पप्पांना म्हणून दाखवायचं, अशी आपली पद्धत होती. ती वचनं तू कशी निवडायचीस, सांग ना. पप्पा कचेरीतल्या सत्यनारायणाचा प्रसाद पुडीत बांधून घेऊन आले, त्या आठवड्याला दोन धन्यांची चाकरी करणाऱ्याचं वचन. पप्पा रविवारी पोट दुखतं म्हणून चर्चला आले नाहीत, की गुरूची ओळख दाखवायला घाबरलेल्या शिष्याची गोष्ट, फ्लॅनेलवर शेकोटीसकट. मी सुरात म्हणायचे आणि पप्पांचा घास हळू व्हायचा. एकदा ते म्हणाले, ‘छान. आईला म्हणावं, पोचलं.’ तू कांदा चिरत होतीस, मान वर केली नाहीस. त्या क्षणी मी ठरवून टाकलं, की ही मला शिकवत नाहीये. हिला पप्पांशी बोलायचं नाही म्हणून ही मला बोलायला लावते आहे. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे लेक बोले आणि बापाला लागे.

फेब्रुवारीत कचेरीत बढतीची यादी निघायची होती. यादीत पप्पांचं नाव होतं. बढतीच्या वेळी जुने कागद वर येतात, आणि आपल्या घराबद्दल कचेरीत काहीतरी कुजबुज आहे असं पप्पांनी मनाशी घेतलं होतं. खरंच होती की चोराच्या मनात चांदणं, देव जाणे. त्यावर त्यांनी उपाय काढला. कागदपत्रं सांभाळणाऱ्या शाखेतले एक काका होते, त्यांना दुसऱ्या शनिवारी, सुट्टीच्या दिवशी, दुपारी जेवायला बोलवायचं. त्यांनी येऊन घर बघावं, चारचौघांसारखं घर, आणि विषय संपावा. पप्पांनी भिंतीवरची वचनाची चौकट उतरवून पलंगाखाली सारली. खिळा मोकळा दिसायला लागला म्हणून वाण्याकडून गणपतीचं कॅलेंडर आणलं. तू म्हणालीस, ‘ते नाही.’ अर्ध्या तासाच्या वादानंतर काश्मीरच्या डोंगराचं कॅलेंडर लागलं. शनिवार म्हणून मटण नको, हेही पप्पांनीच सांगितलं. तू मसालेभात केलास, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, वरण, जिलेबी बाहेरून.

काका आले. मोठा देह, मोठा आवाज, हातात केळ्यांची फणी. ‘नमस्कार वैनी!’ आपल्यात सलाम म्हणतात. तुझा हात अर्धा कपाळाकडे गेला होता, तो तू खाली आणून दुसऱ्या हाताला जोडलास. मी ते पाहिलं. त्यांनी मला विचारलं, ‘काय गं, कितवीत आहेस?’ मी तुझ्याकडे पाहिलं. ‘बरी नसते ती,’ पप्पा म्हणाले, ‘छातीत पॅच.’ ‘अरेरे. चेहऱ्यावरून तर ठणठणीत दिसते.’ काका दिलखुलास माणूस होते. पाटावर बसताना पाट करकरला तसे स्वतःच हसले. तू वाढलंस. पप्पांनी ‘घ्या साहेब, सुरू करा’ म्हटलं. काकांनी भात कालवला, घास उचलला.

आणि मी हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणायला सुरुवात केली. हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानते, ज्यांनी शिजवलं त्यांना आशीर्वाद दे, पप्पांच्या कामाला आशीर्वाद दे, पाहुण्यांना आशीर्वाद दे, येशूच्या नावाने मागते, आमेन. सावकाश, शब्द न गाळता.

डोळे उघडले तेव्हा पप्पांची बोटं वरणात होती, तशीच. काकांनी घास ताटाच्या वर धरून ठेवला होता. ते माझं संपायची वाट बघत थांबले होते. ‘झालं ना गं बाळा? चला, आता जेवू या,’ म्हणाले, आणि जेवले. भात दोनदा मागून घेतला. गावच्या आंब्यांबद्दल बोलले, मुलाच्या दहावीबद्दल बोलले. पप्पा सगळ्याला हो म्हणत होते. ते गेल्यावर पप्पांनी मोरीत जाऊन हात धुतले, बराच वेळ, आणि बाहेर येऊन तुला म्हणाले, ‘तू शिकवलंस तिला.’

तू काकांचं ताट उचललंस.

‘बोल ना. त्या वहीत लिहितेस ना आठवड्याचं? हेही लिहिलं असशील. शनिवार, पोपट बोलेल. वाट लावलीस तू माझी.’

तू माझ्याकडे पाहिलंस. मी जिलेबीचा पाक बोटाने ताटातून निपटत होते. मग तू म्हणालीस, ‘प्रार्थना मीच शिकवली तिला.’ एवढंच. पप्पांना जे ऐकायचं होतं ते त्यांनी ऐकलं. भांडी घासताना मात्र तू मला जवळ घेतलंस आणि हळूच विचारलंस, ‘विसरलीस का गं?’ मी म्हटलं, ‘हो.’

पुढचं तुला माहीतच आहे, पण मला लिहायचं आहे. पप्पांनी ‘घरगुती कारणास्तव बढती नको’ असं लिहून दिलं आणि निवृत्तीपर्यंत त्याच खुर्चीत बसले. भीती इतकी, की त्यांनी त्याच आठवड्यात माझा शाळेचा अर्ज काढला आणि शाईच्या पेनने, आपल्या हाताने धर्म लिहिला, जात लिहिली, आणि कागद तुझ्यापुढे ठेवला. वर्षभर नाही म्हणणारी तू, एक शब्द न बोलता सही केलीस. त्या शनिवारनंतर या घरात नाही म्हणायचा हक्क आपला राहिला नाही असं तुला वाटलं असणार. जूनमध्ये मी शाळेत गेले. तोंडी परीक्षा घेऊन मला थेट दुसरीत बसवलं. पाढे, वाचन, शुद्धलेखन, सगळ्यांत मी पुढे. पत्र्याची नवी पेटी, निळा स्कर्ट. मी इतकी आनंदात होते की तू शब्बाथशाळा सोडलीस हे दिवाळीपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. पाळकसाहेब घरी येऊन बसले, मुलं विचारतात म्हणाले. तू म्हणालीस, ‘ज्या बाईने असल्या कागदावर सही केली तिने मुलांना काय शिकवावं?’ त्यांनी पुष्कळ समजावलं. तू फ्लॅनेलची घडी त्यांच्या हातात दिलीस.

आणि मी? मी पप्पांच्या बाजूला गेले. सोळाव्या वर्षी कशावरून तरी आपलं वाजलं, बहुतेक कॉलेजच्या सहलीवरून, तेव्हा मी तुला तोंडावर म्हटलं, ‘तू मला पोपट केलंस. पाहुण्यांसमोर पप्पांना उघडं पाडायला मला वापरलंस.’ तू गव्हातले खडे निवडत होतीस. म्हणालीस, ‘बरं.’ मला वाटलं, गप्प बसली, म्हणजे खरंच आहे. माझ्या धंद्यात आम्ही असंच धरतो. ज्या बाई खुलासा देत नाहीत त्यांनी पाठ घेतलेला नसतो.

पप्पांच्या अंत्यविधीला ते काका आले होते, आठवतं? म्हातारे झाले होते, काठी होती. कुणाला न विचारता थेट कबरस्तानात आले, फुलांचं चक्र घेऊन, त्यावर क्रूस. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘तुझ्या बाबांनी बढती उगाच सोडली गं. आमच्या शाखेत सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. कुणी काही करणार नव्हतं. मी जेवायला आलो तो तेच सांगायला, पण भिंतीवर देवाऐवजी तो काश्मीरचा डोंगर बघितला आणि तोंडच उघडेना.’ मी घरी येऊन हे तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या शनिवारचा विषय निघाला असता.

आता वही. रविवारी मी ती टेबलावर ठेवली, चष्मा लावला आणि सरळ तो आठवडा काढला. मला पुरावा हवा होता. इतकी वर्षं मी नवऱ्याला, मैत्रिणींना सांगत आले की माझ्या आईने असं-असं केलं. तुझ्या अक्षरात ते एकदा बघितलं की संपलं, असं मनात होतं. सोमवार ते गुरुवार नेहमीचं. शुक्रवार: डोळे उघडे ठेवून, मनातल्या मनात प्रार्थना करण्याचा सराव. उद्देश: उद्या तिच्या पप्पांना अडचण होऊ नये. साहित्य: ताट, वाटी. शनिवार: सुट्टी, पाहुणे. आणि शनिवारच्या पुढे, शेऱ्याच्या रकान्यात, दुसऱ्या शाईने: प्रार्थना मोठ्याने म्हटली. विसरली. लहान आहे.

मी तो शेरा अर्धा तास तपासला. सवयच ती. शाई नंतरची आहे, अक्षर बसून लिहिलेलं आहे, घाईचं नाही. आमच्याकडे शेरा नेहमी कुणीतरी वाचावं म्हणून लिहिलेला असतो. हा कुणासाठी होता? पप्पांनी ती वही कधी हातात घेतली नाही. तुला खरंच वाटलं होतं की मी विसरले? की तुला कळलं होतं, आणि उद्या मी वाचेन म्हणून तू माझ्यासाठी एक वाट मोकळी ठेवलीस? तुझं अक्षर मला काही सांगत नाही. अठ्ठावीस बायांच्या मनातलं ओळखते मी, तुझं ओळखता येत नाही.

तो शुक्रवार मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. स्वयंपाकघरात तू माझ्यासमोर बसली आहेस, मध्ये रिकामी ताटं. ‘डोळे उघडे. हात ताटात. ओठ हलवायचे नाहीत. प्रभूला तरी ऐकू येतं.’ आपण पाच वेळा करून पाहिलं. पाचव्या वेळी मला हसू आलं आणि तुलाही. मला चांगलं जमलं होतं. तू माझी पापी घेतलीस.

मी विसरले नव्हते, आई. डोळे मिटायच्या आधी मी एकदा पप्पांकडे पाहिलं आणि एकदा तुझ्याकडे. हे खोटं मोडलं की मला शाळेत घालावंच लागेल, असा माझा हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला. आळ तुझ्यावर गेला तेव्हा मला आश्चर्य वाटलं; पण तो तुझ्यावर राहू द्यायला मला काही त्रास झाला नाही. पुढे-पुढे तर मीच त्याच्यावर विश्वास ठेवला.

हे पत्र कुठे द्यायचं नाही. कबरीवर नेऊन ठेवायचं म्हटलं तर पाऊस आणि माळी, दोघांपैकी एकाच्या हाती जाईल. फाडेन बहुतेक. शेवटी लिहिणार होते, की त्या दिवशी भांडी घासताना तू मला दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी खरं सांगितलं असतं. तेही खरं नाही. तू विचारलं होतंस दुसऱ्यांदा. मी दुसऱ्यांदाही हो म्हणाले होते.